खळ्यातला उजेड : कुडाळ तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर कुडाळ तालुक्यातलं, जांभ्या चिऱ्याच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं. पुढे लांब पडवी आणि पडवीसमोर साधारण ३० बाय ४० फुटांचं खळं. घाटावर ज्याला अंगण म्हणतात, ते आमच्याकडे खळं. मधोमध तुळस, भोवती कमरेएवढा दगडी गडगा, समोर बेडं, म्हणजे आत यायचं फाटक. घराच्या उजव्या अंगाने एक चिंचोळी वाट मागे न्हाणीकडे आणि विहिरीकडे जाते. विहिरीपलीकडे माड-पोफळीचं आगर आणि त्याच्या कडेने व्हाळ, म्हणजे ओढा.

घरात बारमाही राहणारी माणसं तीन : आजी (वय ७८), धाकटा मुलगा आणि सून. थोरला मुलगा डोंबिवलीला असतो, गणपतीला आणि मे महिन्यात येतो. पैसे तोच देणार होता, त्यामुळे पहिला फोनही त्याचाच आला. मी वायरिंगची कामं घेतो. ‘खळ्यात चांगली लायटिंग करून द्या, बाहेरून फोटोत घर उठून दिसलं पाहिजे,’ एवढीच त्याची मागणी. फोनवर मी हो म्हटलं आणि मनातल्या मनात दिवे मोजायला लागलो. ही माझी पहिली चूक. तिच्याकडे शेवटी येतो.

अडचण काय होती

एका दिवाळीत थोरल्याने पडवीच्या वळचणीला १०० वॅटचा एक एलईडी फ्लडलाइट लावून दिला होता. गावात त्याला अजून हॅलोजनच म्हणतात. रंग पांढराशुभ्र, ६५०० केल्विनचा. संध्याकाळी लावला की सकाळपर्यंत चालू.

या एका दिव्याने काय काय झालं ते आजींनी मला पडवीत बसवून सांगितलं. पाखरांनी पडवी भरून जायची, पाखरांमागे पाली, पालींच्या जोडीला बेडूक. बेडकांच्या मागून काय येतं ते कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. पण खरा अपघात वेगळाच झाला. तिन्हीसांजेला शेजारून परत येताना दिव्याचा झोत समोरून डोळ्यांवर आला, जोत्याची दुसरी पायरी दिसली नाही आणि आजी पडल्या. मनगटाला प्लास्टर. एवढा १०० वॅटचा दिवा असून पायरी का दिसली नाही, असं थोरला पुन्हा पुन्हा विचारत होता. उत्तर सोपं होतं. दिवा वळचणीला, तोंड बाहेर. त्याचा सगळा उजेड खळ्यात आणि येणाऱ्याच्या डोळ्यांत. पायऱ्या बरोबर दिव्याच्या खाली, सावलीत.

आजींचं म्हणणं त्यांच्या शब्दांत : ‘इतको उजेड कित्याक रे झिला? सगळो डोळ्यार येता, पायाकडे काय दिसणा नाय.’ प्रकाशयोजनेवर मी जे काही शिकलो होतो, त्यातलं निम्मं या दोन वाक्यांत आलं.

मागची बाजू याहून वाईट. न्हाणीच्या दारावर एक ९ वॅटचा बल्ब होता, तोही वाटेच्या दुसऱ्या टोकाला. पुढच्या झगझगाटातून मागे गेलं की डोळ्यांना काही मिनिटं काहीच दिसत नाही. आणि हीच वाट आजी पहाटे साडेचारला एकट्या चालतात. जांभ्याच्या कातळावर फुरसं आमच्याकडे नवं नाही. रंगाने ते दगडात मिसळून जातं.

वायरिंग पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. फ्लडलाइटची तार वळचणीतून उघडी आणलेली, जोड नुसत्या काळ्या टेपचा, पाठीमागे फक्त १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह गेला की पडणारा स्विच. वीज जमिनीत गळायला लागली की पडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, कुठेच नाही. अर्थिंग मोजलं तर ६० ओहमच्या आसपास. महिना मार्च, जांभा कोरडा ठणठणीत, त्यामुळे नवल नव्हतं. पण याचा अर्थ काय होतो तो घरच्यांना कागदावर मांडून दाखवला : दिव्याच्या धातूच्या अंगाला २३० व्होल्ट आले तर ६० ओहममधून जेमतेम पावणेचार अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि दिव्याचं अंग जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र याच ६० ओहमवरही तडक पडेल. अर्थिंग सुधारायचंच होतं, पण त्या दिवशी आरसीसीबी बसवल्याशिवाय निघायला नको होतं. मी निघालो. ती बसली दीड महिन्याने, बाकीच्या कामासोबत. मधे काही झालं नाही, हे नशीब.

रात्रीची फेरी

दिवे ठरवण्याआधी एक रात्र तिथे राहिलो. सगळे दिवे बंद करून वीस मिनिटं पडवीत बसलो. डोळे अंधाराला सरावल्यावर खळ्याचा आकार, गडग्याची कड, तुळशीचा कठडा आपोआप दिसायला लागला. चांदणं होतं, पौर्णिमेचा उजेडही एका लक्सच्या (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं माप) बराच आत असतो, तरी त्यात माणूस आरामात चालतो. म्हणजे पायाखाली चार-पाच लक्स एकसारखे मिळाले तरी पुष्कळ झाले.

मग प्रत्येकाला म्हटलं, रोज रात्री कुठे कुठे जाता ते चालून दाखवा. आजी : दिवेलागणीला तुळशीपाशी, साडेनऊला न्हाणी, पहाटे पुन्हा न्हाणी. धाकटा : आठ वाजता बेड्यातून मोटारसायकल आत, जुन्या गोठ्यात. सून : जेवणं झाल्यावर मागे भांडी, त्याआधी कोंबड्यांचं खुराडं. खळ्याच्या मध्यावर, जिथे १०० वॅट ओतले जात होते, तिथे तुळस सोडली तर रात्री कोणी जातच नव्हतं.

सुनेने सहज बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली. जूनच्या तोंडावर व्हाळाकडच्या झाडांवर काजवे येतात, पण हॅलोजन लावल्यापासून मागच्या परसातून ते पूर्वीसारखे दिसत नाहीत. काजव्यांची सगळी बोलणी उजेडाच्या उघडझापीवर चालतात. बाहेरचा दिवा त्यात ढवळाढवळ करतो. हे मी माझ्या यादीत कधीच धरलं नसतं.

कोणते पर्याय होते

थोरल्याचा आग्रह सौर दिव्यांचा. तार नाही, बिल नाही, जमिनीत खुपसले की झालं. मी दोन कारणांनी नको म्हटलं. जून ते सप्टेंबर इथे ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. वाट सर्वांत निसरडी असते ती नेमकी तेव्हाच. शिवाय मागच्या वाटेवर फणस आणि माडांची दाट सावली. उन्हाळ्यात चालणारा आणि पावसाळ्यात मिणमिणणारा दिवा आजींच्या कामाचा नव्हता.

दुसरा पर्याय, २३० व्होल्टचे खांबदिवे आणि जमिनीखालून आर्मर्ड केबल. बागांमधे हेच करतात. पण खळं ही बाग नव्हे. पावसाळ्यानंतर दरवर्षी ते नव्याने करतात : शेवाळ खरवडायचं, माती उकरून समतल करायची, चोपायची, शेणाने सारवायची. मुंबईचा एखादा डिझायनर इथे आला असता तर खळ्याच्या मधून केबल टाकून मोकळा झाला असता. ज्या जमिनीवर दर वर्षी कुदळ चालते तिच्याखाली २३० व्होल्ट ठेवायला माझं मन होईना.

तिसरा, आहे तोच फ्लडलाइट काढून चार कोपऱ्यांत सेन्सरचे छोटे फ्लडलाइट लावायचे. स्वस्त. पण डोळ्यांवर येणारा उजेड एकाऐवजी चार बाजूंनी आला असता.

चौथा, २४ व्होल्टचे छोटे दिवे, गडग्याच्या आणि जोत्याच्या अंगाला खाली लावलेले, आणि ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचे २४ व्होल्ट करणारी डबी, पडवीत कोरड्या जागी. हा महाग होता, तारही जास्त लागणार होती. हाच घेतला.

२४ च का, १२ का नाही, यावर माझ्या मदतनिसाशी बरीच हुज्जत झाली, कारण बाजारात १२ व्होल्टचे तयार संच सहज मिळतात. बेड्याकडचे सहा दिवे, प्रत्येकी ३ वॅट, म्हणजे १८ वॅट. खळं न ओलांडता कडेने गेलं तर ३८ मीटर तार, जाऊन-येऊन ७६. संचातली तार ०.७५ चौरस मिलिमीटरची होती. ढोबळ हिशेब धरला तरी १२ मधले पावणेतीन व्होल्ट वाटेतच संपतात, टोकाचे दिवे पिवळे पडतात. २४ व्होल्ट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर तीच घट अर्ध्या व्होल्टच्या आत. हिशेब पाहून तोही गप्प झाला. ड्रायव्हर मात्र आयसोलेटेडच हवा, म्हणजे २३० ची बाजू आणि २४ ची बाजू आतून एकमेकींपासून पूर्ण तोडलेल्या. स्वस्तातल्या काही ड्रायव्हरांमधे तसं नसतं, आणि मग २४ व्होल्टच्या सुरक्षिततेला काही अर्थ उरत नाही.

तुळशीचा निर्णय

माझ्या नकाशात तुळशीवर खालून वर जाणारा एक झोत होता. फोटोची मागणी त्यानेच पुरी होणार होती. आजींनी नकाशा डोळ्यांजवळ धरून विचारलं, ‘हयसर पणती लावल्यार ती दिसतली?’ दिसली नसती. झोत कागदावरून खोडला. थोरला नाराज झाला, फोनवर तसं म्हणालाही. तुळशीभोवती एकही विजेचा दिवा नाही. खळ्याच्या मध्यावर फक्त वृंदावनाच्या कोनाड्यातली पणती. कडेचे दिवे मंद असल्याने ती बेड्यापासून दिसते, आणि माझ्या मते या कामातली सर्वांत देखणी गोष्ट तीच आहे, जी मी केलेलीच नाही.

काम कसं झालं

आधी एक रंगीत तालीम. रंगाचे रिकामे डबे कापून त्यांत छोटे बल्ब बसवले, तोंडं जमिनीकडे, आणि ते दोरीने गडग्यावर टांगले. आजींना चालायला लावलं. तीन फुटांवर टांगलेला दिवा उतारावरून येताना डोळ्यांत शिरत होता. दोन फुटांवरही थोडा. सव्वा फुटावर तो फक्त जमीन उजळायला लागला आणि जमिनीवरचा प्रत्येक खडा आपली सावली टाकायला लागला. आडवा, खालून येणारा उजेड याचसाठी हवा. वरून पडणाऱ्या झोतात दगड आणि दगडाच्या रंगाचं फुरसं एकसारखं सपाट दिसतं. या तालमीला खर्च जवळजवळ काही आला नाही, आणि दिव्यांची संख्या १८ वरून १२ वर आली.

सगळे दिवे २७०० केल्विनचे, पिवळसर. निळसर-पांढऱ्या उजेडाकडे पाखरं जास्त ओढली जातात, म्हणून. पडवीत वेगळ्या बटणावर ७ वॅटचे दोन दिवे, ३००० केल्विनचे, कारण तिथे तांदूळ निवडणं, काजू सोलणं, पेपर वाचणं चालतं. गणपतीतली भजनं आणि तुळशीचं लग्न यांच्या माळांसाठी पडवीच्या खांबावर झाकणाचा एक वॉटरप्रूफ सॉकेट दिला. नाहीतर खिडकीतून आलेल्या उघड्या तारांची परंपरा चालूच राहिली असती. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, विजांच्या दिवसांसाठी सर्ज प्रोटेक्टर, आणि न्हाणीचं सांडपाणी जिथे मुरतं त्या ओल्या जागी नवीन अर्थिंग.

मागच्या वाटेवर काजव्यांमुळे सेन्सर लावला. माणूस आला की दिवे लागतील, तीस सेकंदांनी विझतील. कागदावर हे फारच छान दिसत होतं.

पहिला पावसाळा

सेन्सर आठवडाभरात सगळ्यांच्या डोक्यात गेला. कुत्रा आला की दिवे, मांजर आली की दिवे. आणि आजी विहिरीच्या कट्ट्यावर पाय धुवायला बसल्या की हालचाल थांबते, म्हणून बरोबर तेव्हा काळोख. वेळ तीन मिनिटांवर नेली, तरी पहाटे एकदा त्या ओल्या दगडावर अंधारात हात हलवत बसल्या होत्या, हे सुनेने मला फोनवर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सेन्सर काढला. मागच्या दाराशी एक आणि न्हाणीशी एक असा जिन्याला असतो तसा टू-वे स्विच दिला. जाताना लावायचा, पोचल्यावर किंवा परतल्यावर विझवायचा. यात हुशारी काही नाही, पण आजींना विचार करावा लागत नाही.

जुलैत दोन दिव्यांत पाणी भरलं. दिवे आयपी ६५ चे, म्हणजे धूळबंद आणि पाण्याच्या फवाऱ्याला टिकणारे. मग पाणी कसं गेलं? दोष माझ्या बसवण्यात होता. गडग्यात खोबणी करून दिवे आत बसवले होते, छान दिसतात म्हणून. जांभा पाणी पितो आणि सावकाश सोडतो. ती खोबणी वाटीसारखी भरली आणि दिवा पाण्यात बुडून राहिला. फवारा वेगळा, बुडणं वेगळं. बुडण्यासाठी आयपी ६७ लागतो. भरीला तारही वरून आत घेतली होती, त्यामुळे पावसाचं पाणी तारेवरून ओघळत थेट ग्लँडपाशी, म्हणजे तार दिव्यात शिरते त्या बुचापाशी. खोबण्यांना खालून भोक पाडलं, तारेला दिव्याच्या खाली येईल असा झोल दिला, म्हणजे थेंब झोलावरून गळून जातो, आणि प्रत्येक दिव्यावर चिऱ्याच्या चिपेचा बोटभर छज्जा काढला. बुडालेले दोन दिवे आयपी ६७ चे आणून बदलले. पैसे मी घेतले नाहीत.

उजेडही कमी वाटायला लागला. तालीम मार्चमधे झाली होती, कोरड्या जांभ्यावर. ओला जांभा गडद होतो, उजेड गिळतो. तोच ३ वॅटचा दिवा निम्मा झाल्यासारखा वाटतो. मी दिवे वाढवायचा विचार करत होतो तोवर सुनेने पायऱ्यांच्या कडांवर चुन्याचा दोन बोटं रुंद पट्टा ओढला. काम झालं. दर महिन्याला पट्टा पुन्हा मारावा लागतो, एवढंच.

पाखरं कमी झाली, संपली नाहीत. पहिल्या पावसानंतर वाळवीची पंखवाली पाखरं निघतात, त्यांना पिवळा-पांढरा काही कळत नाही. त्या दोन-तीन संध्याकाळी घरच्यांनी सरळ सगळे दिवे बंद ठेवले.

पावसानंतर

खळं केलं तेव्हा कुदळ कुठेच तारेला लागली नाही. तारा गडग्याच्या मुळाशी पाइपातून होत्या. एक जागा सोडून. बेड्याजवळचा कोपरा मी तिरका कापला होता, सहा-सात मीटर तार वाचवायला. म्हटलं, दीड फूट खोल आहे, खळं करताना चार बोटंच उकरतात. तुळशीच्या लग्नाच्या मांडवाची मेढ पुरायला धाकट्याने तिथेच पहार मारली. मेढीचा खड्डा दीड-दोन फुटांचा असतो हे मला माहीत होतं, आठवलं मात्र नाही. तार तुटली, ड्रायव्हरने शॉर्ट ओळखून स्वतःला बंद केलं, बेड्याकडचे सहा दिवे विझले. धाकट्याच्या हातात लोखंडी पहार होती आणि पायात चप्पलही नव्हती. त्याला काही जाणवलंसुद्धा नाही. २३० व्होल्टचा पर्याय घेतला असता तर हा परिच्छेद वेगळा लिहावा लागला असता.

विजेचा हिशेब : जुना दिवा रोज अकरा तास चालत असे, म्हणजे महिन्याला ३३ युनिट. आताचे बारा दिवे मिळून ३६ वॅट. सगळे रोज साडेतीन तास लागले असं धरलं तरी महिन्याला चारच्या आत.

वर्षभरात आजी पडलेल्या नाहीत. एका वर्षावरून फार काही म्हणता येत नाही, शिवाय आता त्या काठी घेऊन चालतात.

पुन्हा करायचं झालं तर

पैसे देणाऱ्याशी बोलण्याआधी वापरणाऱ्याशी बोलेन. थोरल्याच्या फोनवर मी जो पहिला नकाशा काढला, त्यात मागची वाट नव्हतीच.

आरसीसीबी पहिल्या दिवशी बसवेन, बाकी काम मिळो न मिळो.

तालीम दोनदा घेईन. मार्चमधे घ्यायचीच असेल तर निदान दोन बादल्या पाणी जांभ्यावर ओतून.

खोबणी करणार नाही. दिवा गडग्याच्या बाहेर थोडा दिसला तर दिसला.

कोपरा कापणार नाही, आणि तारांचा मार्ग पडवीच्या भिंतीवर रंगाने रेखून ठेवेन. कागदावरचा नकाशा मी दिला होता. तो कपाटात होता आणि पहार खळ्यात.

सौर दिव्यांबाबत माझं मत अजून तेच आहे, पण थोरल्याने या मे महिन्यात दोन आणून बेड्यावर लावलेच. उन्हाळाभर चांगले चालले. पावसाळ्याचं बघू.

जुना हॅलोजन गोठ्याच्या भिंतीवर, तोंड खाली करून, वेगळ्या बटणावर ठेवला आहे. रात्री गाडी दुरुस्त करायला किंवा गणपतीत पाहुण्यांच्या गाड्या लावायला उपयोगी पडतो. न्हाणीकडचं टू-वे बटण भिजतं. आहे ते २४ व्होल्टच्याच बाजूला, म्हणून घाई केली नाही, पण त्याला झाकणाची डबी बसवायची राहिली आहे.